पाच पाचे पंचवीसला भाकरी उलटते

बाई : हे शेवटचं वाक्य खोड.

जागृती : कुठलं, बाई?

बाई : कुठलं ते तुला चांगलं माहीत आहे. वाच. मोठ्यानं वाच.

जागृती : इथे? स्टाफरूममध्ये? सगळे ऐकतील ना.

बाई : सगळे डबे खातायत. वाच.

जागृती : "अशा प्रकारे हे विधान सर्व संख्यांसाठी सिद्ध झाले. पण ते का खरे आहे, ते मला कळले नाही."

बाई : गणिताची वही आहे ही. रोजनिशी नाही.

जागृती : पण खरंय ते.

बाई : जागृती, चार पानांची सिद्धता लिहिली आहेस. एक चूक नाही. दहावीतल्या मुलीनं अकरावीची रीत वापरलीय, म्हणून मी काल घरी नवऱ्याला वाचून दाखवली. आणि मग खाली हे!

जागृती : नवऱ्याला वाचून दाखवली? खरंच? काय म्हणाले सर?

बाई : विषय बदलू नकोस. काय सिद्ध केलंस, सांग मला.

जागृती : एकचा घन, दोनचा घन, तीनचा घन, असे घन ओळीनं घेत जायचे आणि बेरीज करायची. उत्तर कायम वर्गच येतं. आणि कुठल्याही भलत्याचा नाही, त्याच संख्यांच्या साध्या बेरजेचा वर्ग. म्हणजे एक, आठ, सत्तावीस, झाले छत्तीस. आणि एक, दोन, तीन मिळून सहा. सहा सक छत्तीस!

बाई : उत्तम. कसं सिद्ध केलंस?

जागृती : तुम्ही शिकवलंत तसं. इंडक्शननं. पहिल्या पायरीवर खरं आहे. आणि कुठल्याही पायरीवर खरं असेल, तर पुढच्या पायरीवर खरं असतंच. म्हणजे सगळ्या पायऱ्यांवर खरं.

बाई : मग राहिलं काय?

जागृती : राहिलं की! घन म्हणजे ठोकळे ना, बाई? आणि वर्ग म्हणजे चौकोनी लादी. हे ठोकळे सगळे सुटे करून जमिनीवर पसरले की बरोब्बर चौकोन बसतो. एक तुकडा उरत नाही, एक कमी पडत नाही. दरवेळी! त्यांची ओळख कुठली? एकमेकांना भेटले कधी? माझ्या चार पानांत त्याबद्दल एक अक्षर नाही.

बाई : सिद्धतेचं ते काम नाही.

जागृती : म्हणजे शेजारच्या काकू कशा खिडकीतून ओरडून सांगतात, "अगं, सोनलचं जमलं हो!" आणि खिडकी बंद. जमलंय हे खरं. काकू खोटं नाही बोलत. पण कुणाशी, कसं, कुठे भेटले, कोण आधी बोललं? ती खिडकी मला सहन होत नाही, बाई.

बाई : हसवू नकोस मला. मी चिडलेय.

जागृती : सॉरी.

बाई : हे बघ. रविवारी डोंबिवलीला सादरीकरण आहे. चौदा शाळा. एका शाळेचं एक नाव. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत फॉर्म गेला पाहिजे. परीक्षक ही वही उघडणार, शेवटची ओळ वाचणार आणि म्हणणार, मुलीनं पाठ केलंय, शिकवणारीनं घोटून घेतलंय. ते वाक्य तुझ्या नावावर नाही पडत. माझ्या नावावर पडतं.

जागृती : असं नव्हतं म्हणायचं मला.

बाई : माहीत आहे. म्हणून खोड म्हणतेय. नाहीतर मयूरचं पायथागोरसचं मॉडेल तयार आहे.

जागृती : ते थर्माकोलचं? बाई, त्यात नुसते दिवे लागतात!

बाई : दिवे लागतात आणि मयूर "मला कळलं नाही" असं म्हणत नाही.

जागृती : बाई, एक बोलू?

बाई : आजवर थांबलीयस का?

जागृती : थांबलेली. नववीच्या पहिल्या चाचणीत मला वीसपैकी चार होते. आठवतंय? तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसायची. काही कळायचं नाही, तरी लिहायची, आणि लिहून गप्प राहायची. तुम्ही म्हणालात, जे कळत नाही ते मोठ्यानं सांग, मग मी शिकवीन. तिथून मी बोलायला लागले. आता तेच एक वाक्य तुम्ही खोडायला सांगताय. खोडलं तर मी परत शेवटच्या बाकावर, बाई. पेपरात पैकीच्या पैकी आणि मी मागे.

बाई : शुक्रवारपर्यंत वेळ आहे तुला.

जागृती : वाक्य खोडायला?

बाई : खोड. नाहीतर कारण शोधून आण. कारण सापडलं, तर ते वाक्य खरं राहणार नाही. मग मला सांगावंही लागणार नाही.

जागृती : आणि नाही सापडलं?

बाई : मग मयूर.

जागृती : बाई, शेवटचं. तुम्हाला माहीत आहे का, का ते?

बाई : घंटा झाली, जागृती. वर्गात जा.

*

आत्या : काय गो, आज भाकऱ्या मोजून डब्यात भरतेस का तोंडानं वारा घालतेस? चालीस भाकऱ्यांची ऑर्डर हाय, सातला मानूस येल न्यायला.

जागृती : भरते गं. डोकं चालत नाहीये माझं, आत्या.

आत्या : डोकं नको चालवू, हात चालव. कालपासनं अशीच हायस. काय झालं शालेत?

जागृती : काय सांगू. मी सगळं इंडक्शननं केलं, बरोबर आलं, तरी बाईंनी...

आत्या : कुनी सांगितलं तुला इंडक्शनवर करायला?

जागृती : बाईंनीच.

आत्या : त्यांना काय जातंय सांगायला! मी माझ्या पोराला, विकीला, बोललेली, ती काचेची शेगडी आनू नको म्हणून. त्याच्यावर भाकरी फुगते का? सांग तू. तव्यावरनं काढली की आगीवर टाकायला आग पाहिजे ना खाली!

जागृती : आत्या! शेगडी नाही गं, गणितातलं इंडक्शन!

आत्या : शालेत पन आनली?

जागृती : अगं नाही! अरे देवा. हसून पोट दुखलं माझं. ती एक रीत असते. सिद्ध करायची.

आत्या : शिजवायची?

जागृती : सिद्ध! म्हणजे खरंय हे दाखवायची.

आत्या : मंग दाखवली का नाय?

जागृती : दाखवली. पण का खरंय, ते नाही कळलं.

आत्या : तेच तर बोलते मी. आग दिसत नाय, धूर दिसत नाय, आनि दूध उतू जातं. शिजतं सगलं. पन कुठनं शिजतं, ते दिसत नाय. मना त्याचा भरवसा वाटत नाय.

जागृती : आत्या, तू आत्ता काय बोललीस तुला माहितीये का? हे मी बाईंना तीन तास समजावलं असतं तरी जमलं नसतं मला!

आत्या : तीन तास भाकऱ्या भरल्या असत्या तर ऑर्डर झाली असती. सरक. तवा तापलाय. पाच एके पाच, पाच दुणे दहा, पाच त्रिक पंधरा, पाच चोक वीस, पाच पाचे पंचवीस. उलटली. वीस, पंधरा, दहा, पाच. उचलली.

जागृती : तू रोज हे म्हणतेस.

आत्या : रोज भाकऱ्या करते ना.

जागृती : पण पाढा उलटा का म्हणतेस मध्येच?

आत्या : भाकरीला बाजू दोन का एक? एक बाजू चढताना भाजायची, दुसरी उतरताना. पंचवीस बोलले की उलटायची. पाचला आगीवर. माझी आय, सखुबाई, मिठागरावर कामाला होती. तिकडं घड्याल कुठलं? तीन दगडांची चूल, बायकांच्या भाकऱ्या, नि सगल्या बायका पाढे बोलायच्या. शालेत एक पन गेली नव्हती.

जागृती : आणि पाचचा पाढा पंचवीसलाच का थांबवायचा? पन्नासपर्यंत का नाही?

आत्या : पन्नासपर्यंत कोलसा होईल तिचा. पाचानं पाचाच्या घरापर्यंत जायचं नि माघारी यायचं. दुसऱ्याच्या घरी काय काम? पातल भाकरी असली तर तीनाचा. तीन, सहा, नऊ, उलटली, सहा, तीन. मध्यम असली तर चाराचा. उकड झाकून ठेवायची तर दहाचा.

जागृती : तीन, सहा, नऊ, सहा, तीन.

आत्या : हा.

जागृती : तीन आणि सहा नऊ, नऊ अठरा, सहा चोवीस, तीन... सत्तावीस.

आत्या : काय मोजतेस? भाकऱ्या तेवीस झाल्यात, सत्तावीस नाय.

जागृती : आत्या, सत्तावीस म्हणजे तीनचा घन! थांब. थांब थांब थांब. दोनचा म्हण.

आत्या : दोनाची भाकरी कोन करतं? पापड होईल.

जागृती : म्हण तरी!

आत्या : दोन, चार, दोन.

जागृती : आठ! आठ गं आत्या! आणि एकचा नुसता एक. एक! आता तुझा पाचचा. पाच दहा पंधरा वीस पंचवीस वीस पंधरा दहा पाच. पाच आणि दहा पंधरा, तीस, पन्नास, पंचाहत्तर, पंचाण्णव, एकशेदहा, एकशेवीस, एकशेपंचवीस. आत्या!!

आत्या : ओरडू नको, शेजारचे येतील. काय झालं?

जागृती : तू घन भाजतेस! तुझ्या प्रत्येक भाकरीत घन आहे!

आत्या : तांदलाचं पीठ, पानी नि मीठ. दुसरं काय घालत नाय मी.

जागृती : ऐक ना. मला पीठ दे. परातीतलं नको, ओट्यावर सांडलंय ते दे. आता बघ, तुझे पाढे मी ओळीनं मांडते. एकचा, त्याच्याखाली दोनचा, असे पाचपर्यंत.

(ओट्यावरच्या पिठात बोटानं :
१ २ ३ ४ ५
२ ४ ६ ८ १०
३ ६ ९ १२ १५
४ ८ १२ १६ २०
५ १० १५ २० २५)

आत्या : हा तर पाढ्यांचा तक्ता. बालवाडीच्या भिंतीवर असतो.

जागृती : हाच! दहा वर्षं भिंतीवर बघतेय मी हा! आता तू तुझी पाचाची भाकरी म्हण आणि मी बोट फिरवते. खालच्या ओळीनं.

आत्या : पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस.

जागृती : कोपरा आला. आता?

आत्या : आता उलटायची.

जागृती : वळले. उभ्या ओळीनं वर निघाले. म्हण.

आत्या : वीस, पंधरा, दहा, पाच... अगो बाय!

जागृती : दिसलं?

आत्या : तीच हाय. बरोब्बर तीच. परत कर.

जागृती : आता चाराची. तिच्या आतून.

आत्या : चार, आठ, बारा, सोला, उलटली, बारा, आठ, चार. आतली बसली!

जागृती : तीनाची तिच्या आत, दोनाची तिच्या आत, आणि एकटा एक त्या कोपऱ्यात. सगळे घन एकात एक बसले आणि जागा उरली नाही! हा अख्खा चौकोन म्हणजे सगळ्या घनांची बेरीज. कळतंय का तुला?

आत्या : डब्यात डबा बसतो तशा बसल्या, यवरं कललं. पन भाकरी जलतेय, ते पन कलतंय.

जागृती : जळू दे! ती मी खाईन! आता दुसरी बाजू. हाच चौकोन सरळ आडव्या ओळींनी मोजायचा. पहिली ओळ एक दोन तीन चार पाच, म्हणजे पंधरा. दुसरी?

आत्या : तिच्या दुप्पट.

जागृती : तिसरी?

आत्या : तिप्पट. सरल हाय की.

जागृती : म्हणजे पंधरा एकदा, पंधरा दोनदा, पंधरा तीनदा, चारदा, पाचदा. एक दोन तीन चार पाच मिळून किती वेळा झालं?

आत्या : पंधरा वेला.

जागृती : पंधरा पंधरा वेळा! पंधराचा वर्ग! आत्या, एकच चौकोन गं. भाकऱ्या मोजल्या तर घन, ओळी मोजल्या तर वर्ग. ते कुठे भेटले, विचारत होते ना मी? इथे भेटले! तुझ्या ओट्यावर! सॉलिड, सॉलिड, सॉलिड!

आत्या : नाचू नको, पाय घसरंल, पीठ सांडलंय खाली. आनि हे पुसू का आता? मना अजून सतरा करायच्यात.

जागृती : अजिबात हात लावायचा नाही!

आत्या : मंग भाकरी तुझ्या डोक्यावर थापू?

जागृती : फोटो काढते, मग पूस. आत्या, उद्या मधल्या सुट्टीत तू शाळेत यायचंस.

आत्या : मी? कशाला? माझं काय काम शालेत? मी चौथीत सोडली शाला.

जागृती : मला फळ्यावर बोट फिरवायचंय आणि पाढा कुणीतरी म्हणायला हवा.

आत्या : तू म्हण की.

जागृती : मी म्हटलं तर पाठांतर वाटेल. तू म्हटलंस तर भाकरी होते.

*

बाई : या, बसा ना. तुम्ही जागृतीच्या...?

आत्या : आत्या. शेवंती. मी बसत नाय, हात पिठाचे हायत. ही ओढत घेऊन आली.

जागृती : बाई, फॉर्म गेला का?

बाई : नाही गेला. वीस मिनिटं आहेत. वाक्य खोडलंस?

जागृती : नाही. पण आता ते खोटं आहे. खडू देता?

बाई : घे. काय मांडतेस फळ्यावर? हा तर पाढ्यांचा तक्ता आहे.

जागृती : हो. आत्या, पाचाची भाकरी.

आत्या : इथं? बिनातव्याची?

जागृती : म्हण गं.

आत्या : पाच एके पाच, पाच दुणे दहा, पाच त्रिक पंधरा, पाच चोक वीस, पाच पाचे पंचवीस. उलटली. वीस, पंधरा, दहा, पाच. उचलली.

बाई : हे काय आहे?

जागृती : ह्या भाकरीची बेरीज करा, बाई. खालची ओळ आणि ही उभी ओळ.

बाई : एकशेपंचवीस. पाचचा घन. अच्छा. म्हणजे बाहेरची पट्टी पाचचा घन, तिच्या आतली...

जागृती : चारचा! तिच्या आत तीनचा! आणि सबंध चौकोन ओळींनी मोजला की पंधरा गुणिले पंधरा!

बाई : थांब. इतकी घाई नको. तू पाचपर्यंत दाखवलंस. पाचाला जमलं म्हणजे सहाला जमेल, कशावरून? परीक्षक हेच विचारतील. चित्र छान आहे, पण चित्र एकाच संख्येचं असतं.

जागृती : विचारू देत. रात्री अंथरुणात मी हेच विचारलं मला. पाचाच्या भाकरीतून पाच सामाईक म्हणून बाहेर काढा. आत काय राहतं? एक दोन तीन चार पाच चार तीन दोन एक. चढायचं आणि उतरायचं. ही बेरीज पंचवीसच का?

बाई : का?

जागृती : चढतानाच्या एकला उतरतानाचा चार भेटतो. दोनला तीन. तीनला दोन. चारला एक. प्रत्येक जोडी पाचची. आणि माथ्यावरचा पाच स्वतःच पाच. म्हणजे पाच वेळा पाच. पंचवीस. त्याला बाहेर काढलेल्या पाचनं गुणलं की घन.

बाई : शंभर घेतले तर?

जागृती : एकला नव्याण्णव भेटतो, दोनला अठ्ठ्याण्णव. अशा नव्याण्णव जोड्या, प्रत्येक शंभरची, आणि माथ्यावर एकटा शंभर. शंभर वेळा शंभर. गुणिले शंभर. घन! कुठलीही संख्या द्या, बाई. कुठलीही! ती आपल्या घरापर्यंत चढते, उलटते, उतरते आणि घन होते. आधीच्या चौकोनाला बाहेरून दोन बाजूंनी मिठी मारते, की नवा चौकोन तयार. मोडायला जागाच नाही! बाई, चुकलं का काही?

बाई : नाही. पुसू नकोस.

जागृती : मी पुसत नव्हते.

बाई : मी स्वतःलाच सांगतेय. ते बाकाखालचं डस्टर जरा लांब ठेव.

आत्या : बाई, पानी देऊ का तुम्हाला? रडता का काय?

बाई : नाही हो. खडू गेला डोळ्यात.

जागृती : खडू माझ्या हातात आहे, बाई.

बाई : गप्प बस. नाही, गप्प नको बसूस. जागृती, परवा तू मला एक विचारलंस आणि मी घंटेकडे बोट दाखवलं. मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षं अकरावीला ही सिद्धता शिकवतेय. कॉलेजात असताना मी विचारलं होतं, घन आणि वर्ग एकत्र आले कसे? सर म्हणाले, सिद्ध झालंय ना? मग बसा खाली.

जागृती : मग?

बाई : मग बसले. आणि परवा तुला बसवायला निघाले होते.

जागृती : पण बाई, इंडक्शन वाईट नव्हतं. खरंच. त्याच्यामुळेच तर मला ठाम माहीत होतं की हे कायम खरं आहे. म्हणजे कारण कुठेतरी असणारच. नुसता योगायोग वाटला असता तर मी शोधलंच नसतं. चार पानं दोन्ही हातांनी धरून ठेवणार आहे मी रविवारी. आधी ती, मग तक्ता.

बाई : आधी तक्ता. मग ती. लोक जागे होऊ देत आधी.

जागृती : म्हणजे...? बाई, म्हणजे फॉर्मवर...?

बाई : नाव, जागृती. आडनाव नीट सांग, मागच्या वेळी ऑफिसनं चुकवलं होतं.

जागृती : येस! येस, येस, येस! आत्या!

आत्या : अगो सोड, पडेन मी! सगलं पीठ तुझ्या ड्रेसला लागलं.

जागृती : लागू दे! असाच घालून जाणार रविवारी! आणि मयूर?

बाई : मयूरशी मी बोलेन. त्यालाही विचारणार आहे, तुझ्या त्या दिव्यांमागे पायथागोरस का खरा आहे, सांग बघू. बिचारा पळून जाईल. शेवंतीताई, रविवारी सकाळी नऊला डोंबिवलीला याल ना? पाढा तुम्हीच म्हणायचा.

आत्या : यवऱ्या लोकांपुढं? मना लाज वाटेल. आनि रविवारी साठ भाकऱ्यांची ऑर्डर हाय, कोपरीत साखरपुडा हाय.

जागृती : मी पहाटे उठून थापायला येते. तीसची गॅरंटी माझी.

आत्या : तुझ्या भाकऱ्या नकाशासारख्या होतात.

बाई : मी पण येते थापायला. शिकवाल?

आत्या : तुम्ही? बरं, या. पाढे येतात ना तुम्हाला?

बाई : आजवर वाटत होतं, येतात.

आत्या : मना एक सांगा, बाई. ही पोरगी बोलते, माझ्या भाकरीत कायम असंच निघतं. तीनाची काढा, पाचाची काढा. दहाची मी करते उकडीला, ती पन जमली. पन हजाराची?

जागृती : हजाराचीही जमते.

आत्या : लाखाची?

जागृती : लाखाची, कोटीची. कुठलीही.

आत्या : भाजून कुनी बघितली?

जागृती : कुणीच नाही, आत्या.

आत्या : मंग?

जागृती : भाजून बघावीच लागत नाही. तरी ती बरोबरच निघणार. आपण नसलो तरी.

आत्या : चालीस वरसं भाजतेय मी. यवरी खात्री मना माझ्या तव्याची पन नाय.